कुणाचंही संकट न घेणारे मासे

आमच्या गल्लीत मासा मेला की मालकाचं अभिनंदन करतात.

मलेशियातल्या इपोहच्या या रस्त्यावर माझं कॉफीचं दुकान आहे, त्याला तीस वर्षं झाली. माझ्याकडेही गल्ल्यामागच्या टाकीत कपाळावर टेंगूळ असलेला एक लाल मासा होता. एकदा चिनी नववर्षाच्या तोंडावर माझी व्हॅन उलटली. मला खरचटलंसुद्धा नाही, आणि घरी येऊन बघतो तर मासा पोट वर करून तरंगतोय. शेजारी जमले. म्हणाले, लियोंग, तुझं मरण त्याने स्वतःवर घेतलं. मी उदबत्ती लावली, त्याला रंबुतानच्या झाडाखाली पुरलं आणि पुढची तीन वर्षं गिऱ्हाइकांना ती गोष्ट कॉफीबरोबर फुकट वाढली. चौथ्या वर्षी ती चोंग साउयिंगच्या कानावर गेली. तिने कप खाली ठेवला आणि विचारलं, "व्हॅन उलटली त्याच्या आधल्या आठवड्यात टाकी धुतली होती का?"

धुतली होती. नववर्ष म्हटल्यावर धुणारच.

"मग त्यात बिचाऱ्या व्हॅनचं नाव कशाला घेता," ती म्हणाली आणि समोरच्या दुकानात कामाला निघून गेली. मला इतका राग आला की दोन दिवस मी तिला कॉफी दिली नाही.

तर ही यिंग-जे. जे म्हणजे थोरली बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे, पण सगळा रस्ता तसं म्हणतो म्हणून मीही म्हणतो. गेल्या वर्षापासून तिच्याबद्दल एक वाईट गोष्ट बोलली जाते, की तिने मासे वाचवले आणि एका बाईला मारलं. ती गोष्ट पसरवण्यात माझाही हात होता. म्हणून जे घडलं ते मी घडलं तसं सांगणार आहे. ज्याला झोंबेल त्याने उद्यापासून कॉफी दुसरीकडे प्यावी.

यिंग-जे जन्मली ती टिनच्या खाणीजवळच्या वस्तीत. तिची आई कमरेइतक्या पाण्यात उभी राहून लाकडी परातीत वाळू घोळायची आणि टिनचे काळे कण वेगळे काढायची. यिंग-जेचे हात आईवर गेलेत: जाड, लालसर, कायम ओले. शाळा सहावीपर्यंत. मग हॉटेलच्या खोल्या, मग इस्पितळाच्या फरश्या. नवरा कामासाठी सिंगापूरला गेला तो गेलाच. त्याच्याबद्दल कुणी विचारलं की नेमकं तेव्हाच तिला कुठल्यातरी टाकीचं पाणी बघायचं असतं. माझ्या समोर लो तौकेचं माशांचं दुकान आहे, मोठ्या शिकारी माशांचं. तौके म्हणजे मालक. तिथे त्याने तिला ठेवलं ते फक्त सफाईला. माशांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

पहिल्याच नववर्षाला तिने आपला हात दाखवला. आमच्याकडे वर्ष संपताना घर असं धुतात की भिंतीचा रंग निघावा. तिने दुकानातल्या सगळ्या टाक्यांच्या फिल्टरमधले स्पंज काढले, मागच्या नळाखाली एकेक पिळला आणि त्यातला तपकिरी चिखल पार घालवला. मला बोलावून दाखवले. नवे कोरे वाटत होते. चौथ्या दिवसापासून मासे वर येऊन हवा गिळायला लागले. आठवड्याभरात अकरा मासे गेले, त्यात हातभर लांबीचे दोन ड्रॅगन मासे.

लो तौके खूश. दुकानाचं वर्षभराचं संकट एका आठवड्यात टळलं, असं तो माझ्या दुकानात बसून सगळ्यांना सांगत होता. तिला त्याने लाल पाकिटातून बक्षीस दिलं. तिने ते पाकीट गल्ल्यावर परत ठेवलं आणि म्हणाली, "मी काहीतरी चुकीचं केलंय. काय केलंय ते सांगा." तो हसला. कुणी तिला दोष देईना, आणि तेच तिला सहन होईना. तीन दिवस ती जेवली नाही, हे मला माहीत आहे, कारण तिचं नूडल्सचं ताट रोज माझ्याकडूनच जायचं आणि रोज तसंच परत यायचं.

पुढचं वर्षभर ती घरोघरी टाक्या साफ करायला जाताना एकच गोष्ट बघत राहिली. जिथे मोलकरीण कामसू, तिथे नववर्षानंतर मासे मरायचे. गाड्या दुरुस्त करणाऱ्या चॅनच्या शेडमध्ये, जिथे टाकीची काच दिसत नव्हती इतकी शेवाळली होती, तिथे नऊ वर्षांचा मासा मजेत होता. मग कुणीतरी तिला पाणी तपासायचे थेंब आणून दिले. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर पाण्यात विष आहे. तिला कोडं उलगडलं. मोठा शिकारी मासा खातो भरपूर आणि घाणही भरपूर करतो. त्या घाणीचं विष होतं. ते विष खाणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव त्या तपकिरी चिखलात राहतात. नव्या टाकीत ते नसतातच, वसायला महिना-सव्वा महिना लागतो. आणि नळाच्या पाण्याखाली स्पंज पिळला की सगळे एका दमात मरतात. म्हणजे ते अकरा मासे तिनेच मारले होते. हे समजल्यावर तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा समाधान बघितलं. विचित्र बाई.

त्यानंतर तेरा वर्षं लो तौकेचा एकही मासा नववर्षात मेला नाही. ती दर्शनी बाजूला एक पांढराशुभ्र स्पंज ठेवायची, त्याच्यामागे जुना चिखलाचा. तौके पांढरा बघून खूश व्हायचा.

दुकानाच्या मागच्या मोठ्या टाकीत तिने स्वतः वाढवलेले सहा मासे होते. एक लाल ड्रॅगन, तो आला तेव्हा पेन्सिलीएवढा होता. तीन पट्ट्यांचे वाघमासे. दोन लाल शेपटीचे मिशाळ. असे मासे एकत्र ठेवायचे म्हणजे एकाच्या तोंडात दुसरा मावता कामा नये, म्हणून ती प्रत्येकाला मापून खायला घालायची, जो मागे पडेल त्याला दोन घास जास्त. सात वर्षं हे चाललं. तिने त्यांना नावं दिली नव्हती. हाक मारून ते थोडेच येणार आहेत, म्हणायची. पण तो लाल तिच्या बोटांतून कोळंबी घ्यायचा आणि लो तौके आला की तोंड फिरवायचा.

गेल्या वर्षी हे सहाही मासे विकले गेले. रेल्वे स्टेशनजवळ थाम वाइक्योंग नवं हॉटेल उघडत होता. दर्शनी भिंतीत दहा फुटांची टाकी. पंचांग बघणाऱ्याने मुहूर्त काढून दिला: नववर्षाचा आठवा दिवस, सकाळी नऊ ते अकरा. त्या वेळेत मासे पाण्यात पडले पाहिजेत.

यिंग-जेने कुरकुर केली नाही. मुहूर्ताच्या सहा आठवडे आधी टाकी भरून घेतली, दुकानातल्या फिल्टरमधले अर्धे जुने स्पंज नेऊन थामच्या फिल्टरमध्ये बसवले आणि टाकीत सोललेल्या कच्च्या कोळंब्या टाकल्या. मासे नाहीत तोवर त्या अदृश्य जिवांना काहीतरी खायला हवं ना. पाणी गढूळलं, कोळंब्या फुगल्या, आणि नव्या हॉटेलात असा वास सुटला की रंगारी नाकाला फडकं बांधून काम करायचे. दर तिसऱ्या दिवशी एक कोळंबी टाका आणि बाकी कशाला हात लावू नका, असं तिने थामला बजावलं आणि नववर्षाच्या सुट्टीत ती आईच्या थडग्याकडे गेली.

आठव्या दिवशी उद्घाटनाची कॉफी माझ्याकडे होती, म्हणून मी तिथे होतो. बाहेर सिंहनृत्यवाले ढोल घेऊन उभे. दारात सहा थर्मोकोलची खोकी, प्रत्येकात पिशवीत एकेक मासा. यिंग-जेने टाकीचं झाकण उघडलं, आत नाक घातलं आणि विचारलं, "वास कुठे गेला?"

थामचा चेहरा खुलला. त्याने अभिमानाने सांगितलं की वर्षाच्या शेवटच्या दिवशी तीन माणसं लावून टाकी रिकामी केली, ब्लीचने घासली, आणि त्या डब्यातली काळी कुजकी फडकी फेकून देऊन नवीन आणून घातली. नव्या वर्षात घाण घेऊन कोण जाईल? "माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ आहे, यिंग-जे. चाटून बघ," तो म्हणाला.

तिने नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पिवळंधमक. लो तौके तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. म्हणाला, "पिवळं. म्हणजे उत्तम. सोड मासे."

"पिवळं असणारच, तौके. अजून कुणी मुतलंच नाही त्यात."

सिंहाचं डोकं काखेत धरून उभा असलेला नाच्या फिस्सकन हसला. लो तौके हसला नाही. यिंग-जेने शांतपणे सांगितलं की आज मासे सोडले तर चौथ्या दिवशी ते हवा गिळायला लागतील आणि दहाव्या दिवशी टाकी रिकामी असेल. दुकानातले उरलेले स्पंज आणले तर दुकानातले मासे जातील. आणखी पाच आठवडे हवेत. लो तौके दात ओठ खात म्हणाला की मुहूर्त टळतोय, आणि मासे मेलेच तर आपण नेहमी म्हणतो तेच म्हणायचं. हे तो हळू बोलला, पण मी कॉफी ओतत होतो, मला ऐकू आलं.

यिंग-जे पुढे झाली आणि लाल ड्रॅगनच्या खोक्यावर चक्क बसली.

दहा वाजून गेले. पाहुणे कुजबुजायला लागले. शेवटी थाम तिच्यापाशी आला आणि वाकून बोलला. आवाज दाबलेला होता. "बारा दिवसांनी सियुलानच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. क्वालालंपूरला. झडप बदलायची आहे. मासे जगले पाहिजेत असं कुणी सांगितलं तुला? मेले तर बरंच. मी त्यासाठीच घेतलेत."

मला वाटलं, आता ती उठेल. मी असतो तर उठलो असतो. बायकोसाठी माणूस एवढं म्हणतोय म्हटल्यावर कुणीही उठला असता.

यिंग-जे बसून राहिली. "मासा तुमच्यासाठी मरत नाही, थाम तौके," ती म्हणाली, आणि तिने आवाज दाबला नाही. "तुमच्या पाण्यामुळे मरतो. चौदा वर्षं मी मेलेले मासे काढतेय. एकाच्याही पोटात कुणाचं दुखणं निघालं नाही."

असं बोलणं आमच्याकडे कुणी बोलत नाही, नववर्षात तर नाहीच. लो तौकेने मान खाली घातली, लाजेने की रागाने ते मला माहीत नाही. आणि मग गोल टेबलापाशी लाल ब्लाउज घालून बसलेली सियुलान, थामची बायको, बोलली. बारीक बाई, चार पावलं चालली की धाप लागायची. तिने विचारलं, "यिंग-जे, किती दिवस म्हणालीस?"

"पाच आठवडे. कोळंब्या कुजू दिल्या तर."

"मग कुजू दे." थाम काही बोलायला गेला, तिने हात वर केला. "मी गेले तर माझी मी गेले. माझ्या नावाने या सहा जणांना पुढे पाठवू नकोस. तिकडे भेटले तर मी त्यांना काय तोंड दाखवू?"

अकराचे टोले पडले. सिंह रिकाम्या टाकीपुढे नाचला, त्याने कोबीची पानं चावून रिवाजाप्रमाणे चारी दिशांना उडवली. एक पान टाकीत पडलं. थामचा माणूस ते काढायला धावला तर यिंग-जे म्हणाली, राहू दे, कुजेल.

लो तौकेने तिला त्याच दुपारी काढून टाकलं. पण विक्री मोडू नये म्हणून मासे हलेपर्यंत येऊ दिलं. पाच आठवडे थामच्या हॉटेलात गिऱ्हाइकं कुजक्या कोळंबीच्या वासात वाफवलेला मासा खात होती आणि टाकीपुढे पडदा लावलेला होता. थेंब आधी गडद हिरवे झाले, मग हळूहळू पुन्हा पिवळे, आणि नवी कोळंबी टाकली तरी पिवळेच राहायला लागले. तेव्हा तिने सहाही मासे एकाच दिवशी हलवले, म्हणजे कुणी आधी येऊन टाकीचा मालक होऊन बसू नये. तीन दिवस दिवा बंद, खाणं बंद. थाम म्हणाला, उपाशी मारते आहेस. ती म्हणाली, उपाशी मासा महिना काढतो, तुम्ही काळजी करू नका.

एकही मेला नाही.

तोवर सियुलानचं ऑपरेशन झालं होतं आणि ती घरी आली होती. सकाळी हॉटेल उघडण्याआधी ती टाकीसमोर वेताच्या खुर्चीत बसायची, स्वतःच्या हाताने मासे खाऊ घालायची. थेंब टाकायला यिंग-जेकडून शिकली. दर आठवड्याला यिंग-जे पाणी बदलायला जायची, तेव्हा दोघी तासभर बसायच्या. यिंग-जे कुणाशी तासभर बसलेली मी तेव्हाच बघितली.

मग मासे आल्यापासून सहाव्या महिन्यात सियुलानला ताप आला. नव्या झडपेत जंतू शिरले, डॉक्टर म्हणाले. नऊ दिवसांत ती गेली.

अंत्यविधीहून येऊन लो तौके माझ्या दुकानात बसला आणि दहा लोकांसमोर म्हणाला की सहाच्या सहा मासे धडधाकट आहेत आणि बाई गेली, आता ज्याने त्याने काय समजायचं ते समजावं. सगळे समजले. मीही मान हलवली. मान हलवून थांबलो असतो तरी बरं, पण दुसऱ्या दिवशी यिंग-जे आली तेव्हा मी शहाणपणाने तिला म्हणालो, "एखादा मासा गेला असता तर काय बिघडलं असतं?"

तिने कप खाली ठेवला. मग अर्धी कॉफी टाकून उठून गेली. माझ्या तोंडून काय गेलं ते मला ती गेल्यावर कळलं, आणि ते मला आजही सलतं.

आठवड्याने तिचा थामकडे पाणी बदलायचा वार आला. हॉटेल बंद होतं. रस्त्यावर सगळे म्हणत होते की जाऊ नको, थाम पिऊन बसलेला असतो, टाकी फोडेल, तुलाही फोडेल. तिने बादल्या घेतल्या. मी दुकानाला कुलूप लावलं आणि तिची एक बादली घेतली. तिने नको म्हटलं नाही.

थामने दार उघडलं. दाढी वाढलेली, अंगावर आठवडाभराचा शर्ट. तिने दुःख झालं वगैरे काही म्हटलं नाही. नळी लावली, तिसरा हिस्सा पाणी काढलं, आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या पिंपातलं पाणी सोडलं. सहाही मासे एका कोपऱ्यात गोळा झाले होते. थाम वेताच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता, बसत नव्हता.

"यिंग-जे, खरं सांग," तो म्हणाला. "त्या दिवशी मी ऐकलं नसतं. मासे सोडले असते. तर ती राहिली असती का?"

मी मनात म्हणत होतो, बाई, आज तरी खोटं बोल. कोण जाणे म्हण. नशीब म्हण. एवढ्याशा शब्दाने तुझं काय जातंय?

"नाही," यिंग-जे म्हणाली. "मासेही गेले असते आणि तीही गेली असती. शेवटचे सहा महिने ती ज्यांच्यासमोर बसली, तेही तिला मिळाले नसते."

थामने तोंड दोन्ही हातांत घेतलं. यिंग-जे हलली नाही, तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मग थाम तसाच म्हणाला, "ती गेल्यापासून त्यांना कुणी खायला घातलेलं नाही."

तिने फ्रिजमधून कोळंबी काढली, सोलली, तुकडे केले आणि बशी त्याच्या हातात दिली. पहिला तुकडा त्याने पाण्यावर धरला. लाल ड्रॅगन कोपऱ्यातून निघाला, काचेपाशी थबकला, आणि वर येऊन तुकडा घेऊन गेला. थाम एकामागून एक टाकायला लागला, अख्खी बशी रिकामी करायला निघाला.

यिंग-जेने त्याचं मनगट धरलं. "कमी द्या, तौके," ती म्हणाली. "उद्याही द्यायचंय."